हजार ओळींवर थांबलेली यादी

सुजाता,

हे सांगायचं मी चौदा वर्षं टाळलं. कारणं शोधावी लागली नाहीत, ती येत गेली. आधी तुझी नवी नोकरी, मग माझी निवृत्ती, मग माझ्या बायकोच्या, सुमनच्या गुडघ्याचं ऑपरेशन, मग तुझं आजारपण. आजारी माणसाला जुन्या गोष्टी काढून त्रास कशाला द्यायचा, असं गेल्या वर्षी मी स्वतःला मोठ्या समजूतदारपणे सांगितलं होतं.

परवा अकोल्याला तुझ्या पुण्यानुमोदनाला, तुला श्रद्धांजली वाहायला आलो. तुझ्या यजमानांनी, दिलीपरावांनी, हाताला धरून पुढच्या खुर्चीवर बसवलं. ‘सुजाताचे सर. अमरावतीहून आले,’ एवढीच ओळख करून दिली आणि माईक माझ्या हातात दिला. मी काय बोललो ते ऐक. तू कष्टाळू होतीस, जिद्दी होतीस, विद्यार्थ्यांना तुझा लळा होता. चारित्र्याच्या दाखल्यावर लिहितात तसं तीन मिनिटं बोललो. लोकांनी माना डोलावल्या. मग खाली बसलो आणि तुझ्या फोटोकडे बघावं लागू नये म्हणून मांडवाच्या खांबाकडे बघत राहिलो.

जे बोलायला हवं होतं ते इथे लिहितोय. आपल्या कॉलेजच्या वार्षिकात छापायला देणार आहे. त्या वेळी ज्यांनी माझं ऐकलं, त्यांच्यातले बरेच ते अजून वाचतात. ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी मधूनमधून समजावून सांगावं लागेल. तुला कंटाळा येईल. तुला पाठ असलेलंच मी सांगणार आहे.

तू अकोल्याच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होतीस. दर जूनमध्ये नवी नेमणूक आणि दर एप्रिलमध्ये ती संपलेली. कायम व्हायचं तर पीएच.डी. हवी. म्हणून आठवड्यातून तीन दिवस तू गाडीनं बडनेऱ्याला उतरायचीस आणि तिथून ऑटोनं आमच्या भौतिकशास्त्र विभागात यायचीस. तेव्हा तू चौतिशीची होतीस, घरी तीन वर्षांची मुलगी होती. पहिल्या दिवशी मी तुला खिडकीजवळच्या संगणकावर बसवलं, माऊस बाजूला सरकवला आणि काळा पडदा उघडून दिला.

‘सर, यात चित्र नाही कुठं?’

‘चित्र शेवटी काढायचं. आधी विचारायला शिकायचं.’

जगभरच्या वेधशाळांनी घेतलेली निरीक्षणं त्यांच्या त्यांच्याकडे असतात. कोणाकडे काय आहे याची नोंद मात्र एका सामायिक ठिकाणी ठेवलेली असते. तिला आम्ही रजिस्ट्री म्हणायचो. तिच्यात तारे नसतात, ताऱ्यांची माहिती कोणत्या दारी मिळेल त्याचे पत्ते असतात. काळ्या पडद्यावर एका ओळीची आज्ञा टाईप करायची: अमुक प्रकारची निरीक्षणं, अमुक प्रकारचा प्रकाश, अमुक शब्द. उत्तरादाखल पत्त्यांच्या ओळी खाली उतरू लागतात. मग एकेका पत्त्यावर जाऊन आपल्या ताऱ्याची चौकशी करायची. दुर्बीण नसलेल्या कॉलेजात बसून आकाशावर काम करण्याचा तो एकच रस्ता होता.

आमचा शिपाई बाबाराव चहा घेऊन आला होता. त्यानं विचारलं, ‘रजिस्ट्री म्हणजे वावराची का जी, म्याडम?’

‘हाव भाऊ,’ तू पडद्यावरून नजर न काढता म्हणालीस, ‘आभायातल्या वावराची. फक्त सातबारा नाही निघत थ्याचा.’

बाबाराव हसत गेला. मी तुला म्हटलं, जरा नीट मराठी बोलत जा, उद्या तोंडी परीक्षेला पुण्याचे लोक येतील. तू म्हणालीस, ‘सर, या काया डबड्याले मराठीच समजत नाही. मंग पुणेरी काय अन् वऱ्हाडी काय?’ पुढची तीन वर्षं त्या संगणकाचं नाव ‘कायं डबडं’ हेच राहिलं. मीसुद्धा तेच म्हणू लागलो.

ती वर्षं कशी होती ते आता लोक विसरत चाललेत. आपल्याकडे दिवसाचे दहा-दहा, बारा-बारा तास लाईट नसायची. तुझे वडील अकोल्याला वीज मंडळात वायरमन होते. भारनियमनाचं वेळापत्रक तू त्यांच्याकडून फोनवर घ्यायचीस आणि आपलं काम त्यावर बेतायचीस. ‘सर, आज साडेअकरा ते दोन आहे आपली. बाबा म्हणे, पक्की नाही, पण आहे.’ लाईट गेली की स्टाफरूममध्ये सगळे तुझ्याकडे बघायचे, जणू तूच बटण दाबलंस. ‘माह्याकडं काय पाह्यता जी? बापानं मलेही सोडलं नाही,’ असं म्हणून तू डबा उघडायचीस. भाकरी, अंबाडीची भाजी, ठेचा. कधी मी कॉलेजसमोरून गिला वडा आणायला लावायचो आणि तू त्याला नावं ठेवत अर्ध्याहून जास्त खायचीस.

बाहेर काय चाललं होतं तेही आठवतं. मुलं अचानक यायची बंद व्हायची. आठवड्यात कधी एकदा, कधी दोनदा प्रार्थनेनंतर दोन मिनिटं उभं राहावं लागायचं. कर्जापायी जीव दिलेले कोणाचे वडील, कोणाचा काका. एकदा अशीच उभं राहून आत आलीस आणि आज्ञा टाईप करता करता थांबलीस. ‘सर, गावागावात हे चालू अन् आपण आभायातले पत्ते जमा करून राहिलो. लोक काय म्हणतीन?’ मी काहीतरी मोठं बोललो असेन. तू ऐकलं नाहीस. स्वतःशीच म्हणालीस, ‘म्हणू दे. माह्या वर्गातल्या पोरीले दाखवाचं आहे मले, का अठी बसूनही होते.’ आणि पुन्हा टाईप करू लागलीस.

तू माझ्याकडे शिकायला आली होतीस, आणि दुसऱ्या वर्षीपासून तू मला शिकवू लागलीस. हे मी तेव्हा मान्य केलं नाही.

एका ताऱ्याबद्दल विचारलं आणि एकही ओळ आली नाही. मी म्हटलं, ‘निरंक. लिहून घे.’ सरकारी कचेरीतला शब्द. काही नसलं की आमच्याकडे सगळे तोच लिहितात. तू लिहिलं नाहीस. ‘सर, निरंक कसं लिहू? थो नाही म्हणाला का थो बोललाच नाही?’

‘उत्तर रिकामं आलं म्हणजे माहिती नाही.’

‘रिकामं आलं म्हणजे रिकामं आलं. कदाचित तिकडचं मशीनच बंद असन. नाई म्हणणं येगळं अन् गप्प राहणं येगळं.’

हा वाद आपण दोन वर्षं घातला. तुझ्या वहीत त्यामुळे तीन रकाने होते: आहे, नाही, कळलं नाही. माझ्या वहीत दोनच.

दुसरा वाद इशाऱ्यांवरून. आज्ञा चालवली की पडद्यावर उत्तराबरोबर तक्रारीही येतात. जोडणी तुटली, अमुक पत्ता बोलत नाही, अमुक गोष्ट अर्धवट. त्या वर्षांत लाईन इतक्या वेळा तुटायची की तक्रारीच जास्त दिसायच्या. मला तो पसारा सहन होत नसे. मी माझ्या आज्ञांचा एक संच करून ठेवला होता आणि प्रत्येकीच्या शेवटी एक छोटी शेपटी जोडली होती. तिच्यामुळे उत्तर तेवढं फाइलीत जायचं आणि सगळ्या तक्रारी न वाचताच टाकून दिल्या जायच्या. पडदा कसा स्वच्छ. तू ते पाहिलंस आणि भुवया वर केल्यास.

‘सर, थे बोंबलून राह्यलं तर ऐकून घ्या ना. काहून बोंबलते थे तरी पाहा.’

‘गोंगाट असतो तो.’

‘असन बी. पण एखाद्या वक्ती खरंच आग लागली असन तर?’

मी हसलो. तूही हसलीस. विषय संपला.

तुझा विषय होता तेज कमीजास्त होणाऱ्या काही ताऱ्यांचा. त्यातल्या एकाच्या तेजाचं चक्र गेल्या कित्येक दशकांत हळूहळू लांबत गेलंय, हे तू दाखवलं होतंस. त्यासाठी जुनी निरीक्षणं लागतात. ती तुला तीन लहानशा वेधशाळांच्या जुन्या फोटोच्या काचांवर सापडली होती. प्रबंधाच्या शेवटी परिशिष्ट होतं: रजिस्ट्रीत मिळालेल्या सगळ्या पत्त्यांची यादी. अकराशे सव्वीस नोंदी. त्या तीन वेधशाळा त्या यादीत होत्या.

मार्गदर्शकाच्या सहीआधी मी ते परिशिष्ट तपासायला घेतलं. प्राचार्यांच्या खोलीत तेव्हा वेगवान जोडणी आणि बॅटरीवर चालणारी वीज होती. तिथे बसून मी माझ्या संचातली आज्ञा चालवली, सगळं एका दमात विचारलं. उत्तर आलं एक हजार नोंदींचं. तुझ्या यादीतल्या एकशे सव्वीस माझ्याकडे नव्हत्या. तुझा सगळा निष्कर्ष ज्या तीन वेधशाळांवर उभा होता, त्या नेमक्या त्यांच्यातच होत्या. त्यातल्या दोन पत्त्यांवर मी थेट चौकशी केली. दोन्ही गप्प.

नेमक्या एक हजार. या कामात चार दिवस काढलेल्या कोणालाही हा आकडा पाहून थांबावंसं वाटलं असतं. मोजलेली गोष्ट अशी गोल येत नाही. मी थांबलो नाही, कारण माझ्या मनात आधीच दुसरं काही आलं होतं. तेही लिहितो.

तू बौद्ध घरातली. तुझ्या आजोबांनी दीक्षा घेतल्यापासून घरात शिक्षणाशिवाय दुसरा विषय नाही, हे तू मला अभिमानानं सांगितलं होतंस. आमच्या स्टाफरूममध्ये ‘यांना पदवी हवी असते, पद्धत नको असते’ असं बोललं जायचं. मी त्यावर हसत नसे. पण उठूनही जात नसे. मला वाटायचं, मी त्यातला नाही. तुला मी माझ्या हातानं शिकवलं, तुझ्या डब्यातलं खाल्लं, एवढं पुरेसं आहे असं मी धरून चाललो होतो. मग यादीत फरक पडला आणि पहिली शंका माझ्या आज्ञेवर आली नाही, तुझ्यावर आली. माझ्या ओळखीच्या घरातला एखादा विद्यार्थी असता तर मी आधी माझी आज्ञा उघडून पाहिली असती. हे मला आता माहीत आहे, असं म्हणणंही खोटं होईल. तेव्हाही आत कुठेतरी माहीत होतं.

तुला मी विभागात बोलावून घेतलं. बाबाराव दारातच उभा होता, त्याला बाहेर पाठवलं.

‘या नोंदी कुठून आल्या?’

‘रजिस्ट्रीतून, सर.’

‘मला मिळत नाहीत.’

तू वही उघडलीस. कशी विचारणा केली ते सांगू लागलीस. आपल्याकडे लाईटचा भरवसा नाही, नेट कॅफेत तर आणखीच नाही, म्हणून तू एका वेळी थोडंथोडंच विचारलं होतंस. आधी प्रकाशाच्या प्रकारानुसार तुकडे, मग प्रत्येकाचे नावाच्या अक्षरानुसार तुकडे. प्रत्येक तुकडा वेगळा उतरवला, शेवटी सगळे जोडले, दोनदा आलेल्या ओळी काढून टाकल्या. दीड महिना लागला होता तुला.

मी म्हणालो, ‘म्हणजे हे तू जमवलंयस. एका प्रश्नाचं हे उत्तर नाही.’

तू वही माझ्याकडे वळवलीस. मग म्हणालीस, ‘सर, तुमची कमांड दाखवा ना मले. तुमची अन् माही बाजूबाजूनं ठेवू. दोन मिन्टाचं काम आहे.’

त्या वाक्यापाशी मी सोळा वर्षं अडकून आहे. दोन मिनिटंही लागली नसती. ती शेपटी तुझ्या नजरेतून सुटली नसती. पण मला त्या क्षणी एवढंच ऐकू आलं, की विद्यार्थिनी मार्गदर्शकाची तपासणी करायला निघाली आहे. तेवढ्यात लाईट गेली. प्राचार्यांच्या खोलीतली बॅटरी चालू होती, आपण विभागात होतो. मी म्हटलं, ‘आता काय पाहणार? लाईट गेली.’ तू घड्याळ पाहिलंस. ‘दोनले येते सर. मी थांबतो.’ घाईत बोलताना तू कधीकधी ‘थांबतो’ म्हणायचीस. तू खरंच थांबलीस. विभागाच्या बाहेर बाकावर, वही मांडीवर घेऊन. मी मागच्या जिन्यानं घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी संशोधन समितीला पत्र दिलं. ‘परिशिष्टातील काही नोंदी पडताळता आल्या नाहीत. सबब मार्गदर्शक म्हणून प्रमाणपत्र देणे शक्य नाही.’ दोन वाक्यं. खोटा शब्द एकही नाही. ते वाचून कोणाला काय समजायचं ते समजलं. स्टाफरूममध्ये एकानं माझ्या पाठीवर हात ठेवला, ‘वेळीच लक्षात आलं तुमच्या.’ मी तो हात ठेवू दिला.

तुझी नोंदणीची मुदत त्या वर्षी संपली. अकोल्याच्या कॉलेजात कायम जागा निघाली, ती दुसऱ्याला मिळाली. पुढच्या जूनमध्ये तुझी तासिकेची नेमणूकही झाली नाही. बातमी अमरावतीहून अकोल्याला पोचायला किती वेळ लागतो? तू नांदगाव खंडेश्वरला तहसील कचेरीत कंत्राटावर लागलीस, शेतकरी कुटुंबांच्या सर्वेक्षणाच्या नोंदी संगणकात भरायला. तिथल्या एका अव्वल कारकुनानं मला पुढे एका लग्नात सांगितलं होतं, तू कोणाची कोण हे त्याला माहीत नव्हतं. ‘एक बाई होत्या आमच्याकडं. घर बंद दिसलं की आम्ही निरंक लिहून मोकळे. बाई नाई लिहीत. म्हणे, बंद म्हणजे निरंक नाही, परत जा. तलाठ्याले चार-चार चकरा मारायला लावल्या. लय शिव्या खाल्ल्या बाईनं.’ मी ताटातलं तसंच ठेवून उठलो.

तू विभाग सोडल्यावर दोन वर्षांनी तिथे नवे संगणक आले. माझा जुना संच त्यांच्यावर चालेना, म्हणून एका सकाळी मी आज्ञा हातानं टाईप केली. शेपटीशिवाय. तीच विचारणा, सगळं एका दमात. ओळी उतरत गेल्या, थांबल्या, आणि खाली एक तक्रार उमटली: मर्यादा संपली. पहिल्या एक हजार नोंदीच दिल्या आहेत. पुढे आणखी आहेत.

त्या रजिस्ट्रीचा नियमच तो होता. एका वेळी हजाराच्या पुढे ती देत नसे, आणि तसं सांगतही असे. मी तिचं सांगणं टाकून देत होतो. तू तुकड्यातुकड्यानं विचारत होतीस, म्हणून तुझा एकही तुकडा कापला गेला नव्हता. लाईट नसल्यानं तुझी पद्धत बरोबर झाली होती. प्राचार्यांच्या बॅटरीवर बसून मी चुकलो होतो.

मी मग तुझ्यासारखेच तुकडे केले. तीन दिवस लागले. तुझी प्रत आणि तू विभागात ठेवून गेलेली वही कपाटात होती, ती दोन्ही समोर ठेवून एकेक ओळ पेन्सिलीनं खूण करत गेलो. एकशे सव्वीसच्या एकशे सव्वीस. त्या दोन गप्प पत्त्यांपैकी एकानं त्या वेळी उत्तरही दिलं. काचेवरची निरीक्षणं तू लिहिली होतीस तशीच होती. तिसऱ्या दिवशी दुपारी बाबाराव चहा ठेवून म्हणाला, ‘सर, तब्येत बरी नाही का? म्याडमची वही काहून काढली?’ मी म्हटलं, कपाट आवरतोय.

निवृत्तीला सात महिने होते. समितीला लिहायचं तर आधीचं पत्र चुकीचं होतं असं लिहावं लागणार. ज्यानं पाठीवर हात ठेवला होता तो आता विभागप्रमुख होणार होता. तुझी जागा गेली होती, ती परत येणार नव्हती. असे हिशेब मी मांडत राहिलो आणि निरोपसमारंभ होऊन गेला. शाल घेतली, नारळ घेतला. ‘काटेकोर संशोधक’ असं म्हणाले मला. त्या दिवसापासून त्या शब्दाच्या आत मी बसलो आहे. बाहेर पडायचं तर तो फोडावा लागेल, आणि तो फोडला तर म्हातारपणी हाती काय उरेल, अशी भीती. आता उरायचं फार थोडं आहे, म्हणून धीर झाला असेल. यात शौर्य काही नाही.

तुला सांगायला मी तीनदा निघालो. दोनदा बडनेऱ्याहून परत फिरलो. तिसऱ्यांदा पोचलो, पुतण्याच्या लग्नाची पत्रिका घेऊन. गाडीत मी वाक्य तयार करत होतो. बडनेऱ्याला ते लांबलचक होतं, त्यात रजिस्ट्रीची मर्यादा होती, भारनियमन होतं, त्या काळची परिस्थिती होती. मूर्तिजापूर येईपर्यंत त्यातली निम्मी कारणं मला स्वतःलाच लाज वाटून गळाली. अकोल्याला उतरलो तेव्हा दोन-चार शब्दच उरले होते आणि तेच बरोबर होते.

तू दार उघडलंस. ‘अरे बाप्पा! सर! या ना जी, या.’ जसं काही मी कालच विभागात भेटलो होतो. दिलीपराव पंखा माझ्याकडे वळवून दुकानातून काही आणायला गेले. तू पोहे केलेस, सुमनच्या गुडघ्याचं विचारलंस, बाबारावची खुशाली विचारलीस. भिंतीवर बुद्धाची मूर्ती, तिच्याखाली मुलीची बक्षिसं. मुलगी दहावीला होती. ती आतून आली, नमस्कार केला, आणि तू तिला म्हणालीस, ‘हेच थे सर, ज्यायनं मले डबड्याशी बोलाले शिकवलं.’

ती आत गेली. तू आवाज खाली केलास.

‘सर, एक विचारू? राग नका मानू.’

‘विचार.’

‘त्या यादीत… मीच कुठं चुकली असन का हो? मी लय येळा मनात तपासली. तुकडे जोडताना दुसऱ्याच कशातल्या ओळी घुसल्या असतीन. मले काही समजत नाही. तुम्ही पाह्यलं होतं, तुमाले सापडलं होतं का, कुठं चुकली मी?’

सुजाता, मी तेच सांगायला आलो होतो. तू दार उघडून दिलंस, मला एक पाऊल टाकायचं होतं. पोह्यांची बशी माझ्या हातात होती. मी तिच्याकडे बघितलं आणि म्हणालो, ‘जाऊ दे आता. जुनं झालं.’

तू लगेच म्हणालीस, ‘हो, हो. उगीच काढलं मी. पोहे घ्या अजून.’

त्या पत्रानं तुझी नोकरी गेली. या एका वाक्यानं मी तुझा स्वतःवरचा विश्वास नेला, आणि तो नेताना मला सगळं माहीत होतं. पहिल्याला मी चूक म्हणू शकतो. दुसऱ्याला माझ्याकडे शब्द नाही.

परवा मांडवाबाहेर मी चपला शोधत होतो तेव्हा दिलीपराव जवळ आले. त्यांनी सांगितलं, दवाखान्यात शेवटच्या महिन्यात तू त्या वहीबद्दल बोलली होतीस. मुलीनं म्हणे रागानं म्हटलं, ‘तुझ्या त्या सरांनीच वाटोळं केलं तुझं.’ तर तू तिच्यावर ओरडलीस. ‘सरायले काही बोलाचं नाही. सर चुकीचं करतीन असे नाही. माहंच काहीतरी राह्यलं असन.’ दिलीपराव हे मला कौतुकानं सांगत होते. त्यांना वाटलं, माझे डोळे भरले ते तुझ्या आठवणीनं.

तुझी वही, माझी खुणा केलेली प्रत आणि समितीला लिहिलेल्या नव्या पत्राची प्रत मी या लेखासोबत तुझ्या मुलीकडे पाठवतो आहे. तिनं मला काय म्हणायचं ते तिनं ठरवावं. ती जे म्हणत होती ते बरोबर होतं, एवढं मी तिला सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं आहे.

आता राहिलं ते तुला सांगायचं. त्या दिवशी अकोल्याच्या स्टेशनवर उतरताना जे तोंडात होतं तेच सांगतो, वर काही जोडत नाही.

तुझी यादी बरोबर होती, सुजाता. चुकलो मी. मला ते माहीत होतं, आणि तू विचारलंस तेव्हाही मी सांगितलं नाही. माफ कर.